सिम बदललं, फोन तोच

घर सोडताना रंजीतानं पोरगी घेतली, दोन साड्या घेतल्या, आधार कार्ड घेतलं आणि फोन घेतला. सगळं बरोबर केलं बाईनं, पण फोन घेतला आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आता फोन कोण मागं टाकून जातं, सांगा! आईचा नंबर त्यात, पोरीचे रांगत होती तेव्हापासूनचे फोटो त्यात. शिवाय तो काही तिला फुकट मिळाला नव्हता. त्याच्या बदल्यात तिचा समोरचा दात गेला होता.

रंजीता मूळची मूल गावाकडची. बाप राइस मिलमध्ये हमाल, आई धानाच्या रोवणीला जाणारी. लग्न होऊन घुग्घुसला आली आणि खिडकीतली कोळशाची धूळ पुसता पुसता संसाराला लागली. नवरा निकेश कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. दिसायला देखणा, बोलायला गोड, चारचौघांत इतका सज्जन की गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत. दाराला कडी लागली की मात्र त्याचा हात सुटायचा. भाजीत मीठ कमी म्हणून मारायचा, जास्त म्हणून मारायचा, आणि बरोबर असलं तर "आज एवढं मन लावून कोनासाठी रांधलं वं?" म्हणून मारायचा.

असंच एकदा त्यानं तिचं तोंड पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. दात हातात आला. दुसऱ्या दिवशी हा शहाणा नवा कोरा फोन घेऊन दारात उभा. बाया म्हणाल्या, पाहा, किती जीव आहे बायकोवर. रंजीतानं सुजलेल्या तोंडाला पदर लावला आणि हसल्यासारखं केलं.

फोन त्यानं दुकानातच सुरू करून आणला होता. आयडी त्याच्या नावाची, पासवर्ड त्याचा, फोन उघडायला पहिला अंगठाही त्याचाच. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गल्लीतल्या बहुतेक बायांचे फोन असेच होते. रेशन कार्डावर घरच्या माणसाचं नाव, लाइटच्या बिलावर त्याचं नाव, तसं फोनवरही त्याचंच. आयडी म्हणजे काय असतं, असं रंजीतानं एकदा विचारलं.

"तुले काय कराचं हाये? तुले बोलाचं हाये, बोल," निकेश म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

निकेशच्या ट्रकला सेठनं जीपीएस बसवलं होतं. चहाला दहा मिनिटं जास्त थांबला की सेठचा फोन यायचा, "कुठी मेला बे?" चार लोकांसमोर आईबहिणीवरून ऐकावं लागायचं. सेठ त्याच्यावर नजर ठेवी आणि ती सगळी जळजळ घेऊन तो बायकोवर नजर ठेवी. संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज बाजाराच्या मागच्या गल्लीत काऊन गेल्ती?" ती चपापायची. गेली होती खरं, चक्कीवर. पण याला कसं कळलं? मग उत्तर द्यायला अडखळली की झालंच. एकदा बेल्टच्या बक्कलनं तिची पाठ फोडली, ती याच प्रश्नावर.

रंजीताच्या डोक्यात एकच आलं, की कोणीतरी चुगली करतंय. आणि तिचा संशय गेला शेजारच्या दीपालीवर, कारण दीपाली दिवसभर ओट्यावर बसून असायची. एके दिवशी नळावर रंजीतानं तिला धरलं. "माह्या घराची आग पाहून तुले काय भेटते वं रांडे?" म्हणत तिच्या अंगावर धावून गेली. दीपाली बिचारी तोंड वासून पाहतच राहिली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं, आणि गल्लीत रंजीताला विचारणारं जे एक माणूस होतं तेही गेलं.

एक माणूस मात्र आधीचं होतं. लग्नानंतर सुरुवातीला रंजीता सिमेंटच्या रिकाम्या गोण्या शिवायला जायची. तिथं तिच्या बाजूला बसायची सोमारी, जिवतीकडची गोंड बाई, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. रंजीताच्या मानेवरचे वळ पाहून तिनं एकदा सुई हातातच ठेवून सांगितलं होतं, "जास्तच झालं तं माह्या गावाले ये. कोनाले विचारू नको, ये." पुढं सोमारीची आई वारली आणि म्हाताऱ्या बापाजवळ राहायला ती डोंगरावर परत गेली. निकेशला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. बायकोच्या मैत्रिणीचं नाव विचारावं, एवढी तरी माणुसकी त्याच्यात कुठून असणार!

मग तो दिवस आला. दिव्यानी तिसरीत होती. बाप आईला मारत होता आणि पोरगी मधे येऊन त्याच्या पायाला झोंबली. त्यानं लाथेनं तिला असं उडवलं की ती भिंतीवर जाऊन आपटली आणि थोडा वेळ तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. रंजीतानं तिच्या पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठं ते लेकरू रडलं. स्वतःचा मार रंजीतानं कसातरी पचवला होता, हा काही पचला नाही. सकाळी तो ट्रकवर गेला आणि ही पोरीला घेऊन एसटीत बसली. गडचांदूरला उतरून आपल्या आधार कार्डावर नवं सिम घेतलं आणि जुनं नालीत फेकलं. काळ्या पाण्यात ते बुडालेलं पाहिलं आणि तिला वाटलं, सुटलो. आता कोणाची चुगली इथपर्यंत पोचते!

सोमारीनं दारात तिला पाहिलं. "आली का? बरं झालं," एवढंच म्हणाली आणि पोरीपुढं आंबिलीची वाटी ठेवली.

त्या गुड्यावर, म्हणजे त्या डोंगरावरच्या वस्तीवर, मोबाइलला रेंज नव्हती. रेंज फक्त वरच्या टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली. म्हणून सगळ्यांचे फोन दिवसभर तिथंच असत. मोहाच्या खालच्या फांद्यांना कापडी पिशव्या बांधलेल्या, पिशवीत ज्याचा त्याचा फोन. झाडाखाली सोमारीचा बाप पत्रूबाबा शेळ्या राखत बसायचा. फोन वाजला की उठायचा, पिशवी पाहायचा आणि तोंडाशी दोन्ही हात धरून खालच्या शेतांकडं नावानं हाळी द्यायचा. "पोचूऽऽ! तुहा फोन!" म्हाताऱ्याचा गळा असा खणखणीत की पलीकडच्या उतारावरचा माणूस खुरपं टाकून धावत यायचा. पत्रूबाबानं स्वतः फोनवर कधी हॅलो म्हटलं नव्हतं, पण आपण आहोत म्हणून गावाचे फोन चालतात, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंच होतं. रंजीताच्या फोनसाठी त्यानं आपल्या जुन्या धोतराची पिशवी शिवून दिली. "आता तू आमच्या झाडावर आली पोरी," म्हणाला.

दोन महिने रंजीता माणसात होती. सोयाबीन खुरपायची, सोमारीशी खिदळायची, दात पडलेलं तोंड उघडं टाकून हसायची. दिव्यानी खालच्या शाळेत जायला लागली. शेळीच्या पिलाला कडेवर घेऊन फिरायची, रंजीता तिचे फोटो काढायची. नुसत्या बोलण्याचा रिचार्ज होता, नेट नव्हतं. मूलला आईला फोन करून ती एवढंच सांगायची, बरी आहे, कुठं आहे ते विचारू नको. आईनं कधी विचारलंही नाही. फक्त एकदा रडली. "नातनीचं तोंड तरी दाखव वं एकडाव." आईचं मन ते. रंजीतानं नेटचा रिचार्ज मारला, मोहाखाली उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. आजीनं नात पाहिली, नातीनं आजीला शेळीचं पिल्लू दाखवलं. मग फोन नेहमीसारखा पिशवीत गेला आणि नेट चालूच राहिलं.

तिकडं घुग्घुसला निकेशच्या फोनवर एकेक फोटो यायला लागला. हे रंजीताला पुढं कळलं. सिम बदललं होतं, फोन तोच होता, आयडी तीच होती आणि तिनं दोन महिन्यांत काढलेलं सगळं त्या आयडीत जाऊन पडलं. शेळीचं पिल्लू, सोमारीचं अंगण, दिव्यानीचा नवा फ्रॉक, सगळं. नकाशावर डोंगरात एक ठिपकाही उमटला. निकेशनं आरडाओरडा केला नाही. आईची तब्येत बरी नाही असं सेठला सांगितलं, ट्रकचं चाक खोलायची टॉमी पोत्यात गुंडाळली आणि मोटरसायकल काढली.

दुपारची वेळ. आभाळ उघडलं होतं, सगळ्या बाया शेतात वाकलेल्या. रंजीता सोमारीच्या मागच्या ओळीला होती. वरून पत्रूबाबाची हाळी आली.

"रंजीतेऽऽ! ये वं, तुहा फोन वाजून राह्यला!"

तिचा नवा नंबर आईला ठाऊक होता आणि दिव्यानीच्या शाळेला. आईला काही झालं की पोरीला? खुरपं हातात तसंच घेऊन ती चढण पळत सुटली. "काय झालं वं?" सोमारी मागून ओरडली. ही थांबलीच नाही.

टेकाडावर पोचली तर फोन वाजतच होता. पण वाजणं भलतंच. तिनं लावलेलं गाणं नव्हतं ते, कर्कश घंटा होती, थांबायचं नावच घेईना. पत्रूबाबा पिशवीकडं पाहत उभा होता. "हा असा काऊन बोंबलून राह्यला?" म्हणाला. झाडाच्या बुंध्याला टेकून एक माणूस पाठमोरा बसला होता. रेंज शोधत कोणी ना कोणी तिथं यायचंच. पत्रूबाबानं त्याला सावलीत बसवलं होतं, आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पाजलं होतं. तो माणूस उठला आणि वळला. त्याच्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हातानं त्यानं पोतं झटकलं.

"चाल घरी," निकेश म्हणाला.

काय काय ठरवून ठेवलं होतं तिनं, तो आला तर असं करीन, तसं बोलीन. आता त्यातलं एकही आठवेना.

"पोरगी कुठी हाये?"

हे ऐकलं आणि ती भानावर आली. शाळा त्याच उताराखाली होती, टेकाडावरून कौलं दिसायची. तिनं तिकडं मान वळवली नाही. "नाई सांगत," म्हणाली.

टॉमी पहिली बसली ती तिच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं, कळ नंतर आली. खुरपं गळून पडलं. त्यानं तिचे केस धरले आणि तोंड मोहाच्या खोडावर आपटलं, एकदा, पुन्हा, जसं पलंगावर आपटलं होतं तसंच. "पोरगी कुठी? सांग! कोन ठेवलं इथी तुले? कोन हाये तो?" डोक्यावर पिशवीत घंटा वाजतच होती. रंजीताच्या नाकातोंडातून रक्त यायला लागलं. ती नाही, नाही, एवढंच म्हणत राहिली.

"सोड! सोड तिले हरामखोरा!" पत्रूबाबा काठी घेऊन धावला. म्हाताऱ्याच्या हातात तो काय जोर असणार! तरी त्यानं निकेशच्या पाठीत काठी घातली आणि मधे घुसून रंजीतावर आडवा झाला. "माह्या झाडाखाली बाईवर हात टाकते बे?" निकेशनं त्याला ढकललं. म्हातारा पुन्हा उठला. तेव्हा निकेशनं टॉमी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. पत्रूबाबा जागच्या जागी बसला आणि हळूच कुशीवर कलंडला.

रंजीताला पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डावा हात मातीत चाचपडत होता. खुरप्याची मूठ लागली. तिनं ते निकेशच्या मांडीत खुपसलं. तो बोंबलला. तिनं ओढून काढलं आणि पुन्हा खुपसलं, पुन्हा, दात गेला तेव्हाचं, पाठ फोडली तेव्हाचं, लेकराचे ओठ निळे पडले तेव्हाचं. त्याच्या तोंडावरची ती मिजास गेली आणि तो "रंजू, रंजू" करायला लागला. तिला दया आली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सोमारी आणि बाया वर पोचल्या नसत्या तर तिनं त्याला जिता सोडला नसता. बायांनी त्याला विळ्यांच्या मुठींनी, दगडांनी बडवला, पोचूनं त्याचे हात शेळीच्या दोरानं करकचून बांधले, आणि मग एकदम कोणीतरी म्हणालं, "पत्रूबाबा!"

सोमारीनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं. लुगडं भिजून लाल झालं. कोणी एकशे आठला फोन लावत होतं. रंजीता गुडघ्यांवर सरकत जवळ आली. म्हाताऱ्याचे डोळे तिला शोधत होते.

"म्याच बलावलं वं तुले," तो म्हणाला. "म्याच आवाज देल्ला."

"नाई बाबा, नाई," ती रडायला लागली. "तुमची काई चूक नाई."

त्याला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. गाडी वर येऊ शकत नव्हती. खाटेवर घालून चौघांनी त्याला उताराखाली नेलं. गाडीपर्यंत पोचायच्या आत तो गेला होता.

निकेशचा फोन गवतात पडला होता, पडदा उघडाच. पोलिसांची वाट पाहताना रंजीतानं तो पाहिला. नकाशा होता, नकाशावर मोहाचं झाड होतं. खाली तिच्या फोनचं नाव होतं आणि त्याखाली घंटा वाजवायचं बटण. तिनं बोट लावलं तर बाजूला फोटो उघडले, शेळीचं पिल्लू कडेवर घेतलेली दिव्यानी हसत होती. मग एकेक उलगडलं. चक्कीची गल्ली त्याला कोणी सांगितली होती, बाजार कोणी सांगितला होता. तिच्या कमरेला खोचलेला फोन सांगत होता, दिवसरात्र. आणि ती नळावर त्या गरीब दीपालीच्या झिंज्या उपटायला गेली होती!

पोलिसांनी निकेशला चंद्रपूरला नेलं. पत्रूबाबाला त्यांच्या रितीनं मातीत ठेवलं. रंजीताच्या हाताला प्लास्टर बसलं. मग गुड्यावर माणसं बैठकीला बसली. बाहेरची बाई, बाहेरचं संकट, असं कोणी म्हणालं. कोणी नुसती मान खाली घातली. रंजीतानं ते सगळं भिंतीआडून ऐकलं. तिला त्यात काही खोटं वाटेना. तिनं डाव्या हातानं दोन साड्यांचं बोचकं बांधलं, दिव्यानीला उठवलं आणि दाराशी आली.

दारात सोमारी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कुठी चालली?"

"जातो वं. तुह्या बापाले खाल्लं म्या. आनखी काय तोंड दाखवू?"

सोमारीनं तिच्या हातातलं बोचकं हिसकलं आणि घरात भिरकावलं. "माहा बाप तुह्यासाठी मधे पडला," ती ओरडली, वस्तीला ऐकू जाईल अशी. "आता तू गेली तं तो फुकट मेला! जाऊन पाह्य, तंगडं तोडतो का नाई!" आणि मग तिलाच मिठी मारून मोठ्यानं रडायला लागली. दिव्यानीही दोघींच्या मधे शिरून रडली. त्यानंतर जायची गोष्ट कोणी काढली नाही.

मोडलेल्या हातानं खुरपणं होईना. शेळ्या राखायला कोणीतरी लागणारच होतं. रंजीता मोहाखाली बसायला लागली. तिचा फोन पोलिसांकडंच होता आणि दुसरा तिनं घेतला नाही. बाकीच्यांचे वाजत. वाजला की ती उठायची, पिशवी पाहायची आणि काही न बोलता टेकाड उतरायची. ज्याचा असेल त्याच्या बांधावर जाऊन जवळ उभी राहायची, हळूच सांगायची आणि परत चढायची. दिवसातून कितीदा तरी.

पोचूला ते पटेना. एकदा तो धापा टाकत तिच्या मागं वर आला, तोवर फोन बंद झाला होता. तो वैतागला.

"तू खाली येस्तोवर कटते ना वं बाई! पत्रूबाबा कसा वरूनच आवाज दे, तसा दे ना. गळा नाई का तुले?"

रंजीतानं झाडाच्या बुंध्याकडं पाहिलं. तिथं साल निघाली होती.

"कटू दे भाऊ," ती म्हणाली. "कोनाचं नाव मी नाई वरडणार."